एक जूनची माणसं

रविवारी सकाळी साडेदहाला वरदा इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या कम्युनिटी हॉलच्या किचनमध्ये श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी मंत्र्यांची लाल पेटी उघडून उभी होती, आणि आई तिला ती पेटी हलवायला सांगत होती.

"कागदांचा वास लागतो श्रीखंडाला."

"आई, एक मिनिट. हा वाक्य वाच."

"हे वाक्य," मधुमतीबाई म्हणाल्या. लेक सत्तेचाळीस वर्षांची झाली, ब्रिटनच्या सरकारात मंत्री झाली, तरी तिचं वाक्य पुल्लिंगीच राहिलं होतं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि इंग्रजी ओळ मनातल्या मनात मराठीत लावून घेतली. परदेशात जन्मलेल्या नागरिकांच्या जन्मतारखांच्या नोंदी अचूक आहेत, याबद्दल मंत्री पूर्ण समाधानी आहेत.

"छान आहे की. समाधानी असावं माणसानं."

"मंत्री मी आहे, आई. उद्या दुपारी अडीचला मला हाउसमध्ये उभं राहून हे म्हणायचंय. आणि बाहेर अण्णांच्या फोटोखाली काय लिहिलंय?"

बाहेर तिच्या वडिलांच्या फोटोखाली झेंडूच्या कागदी माळांमध्ये लिहिलं होतं: डॉ. विष्णू रिसबूड, सहस्रचंद्रदर्शन सोहळा. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस. हजारावी आदल्याच दिवशी झाली होती. सप्टेंबर १९२६चा जन्म धरला तर हिशेब बिनचूक होता. पण पासपोर्टवर, पेन्शनच्या कागदांवर आणि तीस वर्षं चालवलेल्या दवाखान्याच्या नोंदणीपत्रावर अण्णांचा जन्म १ जून १९२८चा होता.

घरात हे कुणालाच नवीन नव्हतं. अण्णांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तारीख एक जूनच असायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराकडे बघून साल ठरवायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. पण गेले आठ महिने वरदा एक विधेयक संसदेतून पुढे ढकलत होती. सरकारी आकडेवारी मंत्र्यांच्या हातातून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यायची, आकड्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यात होतं. सगळ्यात मोठं भांडण होतं ते एखादा आकडा जाहीर होण्याआधी मंत्र्याला किती तास दिसावा यावर. चाळीस तास की चोवीस? त्या वादापायी तिने एकदा रात्रीच्या जेवणावर पाणी सोडलं होतं. आणि गेल्या बुधवारी सोमवारच्या कामकाजाच्या यादीत प्रश्न क्रमांक सात आला होता. उपखंडात जन्मलेल्या सत्तरीपुढच्या लोकांमध्ये दर नवव्या माणसाचा जन्म एक जूनचा कसा, हे मंत्री सांगतील का?

प्रश्न विचारणारे गिल्बर्ट हॅथवे विरोधी पक्षाचे, शेजारच्या मतदारसंघाचे. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या तिन्ही मुलांच्या कांजिण्या अण्णांनीच बऱ्या केल्या होत्या.

"त्यांना हे सुचलं कुठून?" मधुमतीबाईंनी विचारलं.

"अण्णांनी त्यांना इन्विटेशन पाठवलं, आई. कार्डवर 'हजार पौर्णिमा' असं छापलंय. त्यांनी गुणाकार केला. आणि नाइन्टी-एटला एक जूनला दवाखान्यात अण्णांच्या सत्तरीचा केक कापला, तेव्हा भाषण त्यांनीच केलं होतं."

मधुमतीबाईंनी श्रीखंडावर झाकण ठेवलं. "मग खरं काय ते सांगून टाक."

"अण्णा नको म्हणतात. आणि खोटं बोलले तर माझा नोकरी जाईल. जाणूनबुजून हाउसची दिशाभूल केली की राजीनामा. दुसरी शिक्षाच नाही."

"माझी नोकरी," आई म्हणाल्या, आणि मग मुद्दा त्यांच्या लक्षात आला.

*

अण्णा हॉलमागच्या खोलीत होते. तिथे घडी केलेली टेबल-टेनिसची टेबलं भिंतीला लावून ठेवली होती, आणि त्यांच्यामध्ये जरीकाठी उपरणं घेतलेले अण्णा आरशाशिवाय भांग पाडत होते. यतीन, वरदाचा धाकटा भाऊ, मिल्टन कीन्सहून पहाटेच गाडी हाकत आला होता आणि आता हातात मार्कर पेन घेऊन उभा होता.

"सोपं आहे," यतीन म्हणाला. "बॅनरवर खाली लिहू, 'एकोणऐंशीव्या वर्षात पदार्पण'. वर हजार चंद्र, खाली एकोणऐंशी. ज्याला जे वाचायचं ते वाचेल."

"पदार्पण ऐंशीव्यात होतं, एकोणऐंशी पूर्ण झाली तर," अण्णा म्हणाले. "गणित तुझं कच्चं ते कच्चंच."

यतीनने मार्करचं टोपण लावलं.

"अण्णा," वरदा म्हणाली, "तुम्ही फक्त हो म्हणा. मी हाउसमध्ये सांगते, माझ्या फादरची डेट शाळेत चुकली. पुष्कळ लोकांची चुकली. कुणी हसणार नाही."

"चुकली नाही. एक जून एकोणीसशे अठ्ठावीस. पासपोर्ट बघ."

"मग आज हे काय चाललंय?"

"हे धार्मिक आहे." अण्णांनी कंगवा खिशात ठेवला. "सरकारसाठी मी एकोणऐंशीचा आणि देवासाठी ऐंशी वर्षं दहा महिन्यांचा. दोघांची आजवर कधी गाठ पडलेली नाही. तू कशाला घालून देतेस?"

"उद्या पडणार आहे. क्वेश्चन सेव्हन."

"मग समाधानी आहे म्हण. तुझ्या त्या विधेयकातच आहे ना, मंत्र्यांनी आकड्याला हात लावायचा नाही? मग लावू नकोस."

वरदाने भावाकडे पाहिलं. लहानपणी अण्णांपुढे दोघांची युती असायची, पण पंचवीस वर्षांपूर्वी ती मोडली होती. यतीन मेडिकलच्या पहिल्या वर्षात नापास झाला, आणि अण्णा त्याच्याशी चौदा महिने एक शब्द बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की फ्रिजवर चिठ्ठी लावायचे. 'कचऱ्याची बिनं बाहेर ठेवणे.' 'तुझा फोन आला होता.' त्या चौदा महिन्यांत वरदा ऑक्सफर्डला होती आणि दर रविवारी अण्णा तिच्याशी फोनवर तासभर बोलायचे. तिने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की यतीनशी का बोलत नाही.

"ताई, तुला कधीपासून माहीत होतं हे?" यतीनने आता विचारलं.

"अण्णा सव्वीसचे आहेत ते? लहानपणापासून."

"मग चाळीस तासांवर का भांडताय? तुम्हाला तर चाळीस वर्षं आधी दिसला आकडा."



*

यतीनने नंतर बायकोला सांगितलं, की पुढचा गोंधळ हॅथवेंमुळे झालाच नाही. तो झाला गुरुजींमुळे.

शशी गुरुजी आठवडाभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. दोन्हीकडे ते सारखेच काटेकोर होते. आधीच त्यांचं मन खट्टू होतं. इंग्लंडात बंद जागेत सिगारेट ओढायला त्याच सकाळपासून बंदी आली होती, आणि हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी धूर म्हणजे धूर असं म्हणून होम करू दिला नव्हता. दिवेसुद्धा बॅटरीचे. एक्क्याऐंशी लावायचे होते, पण ते सहाच्या पाकिटात मिळत होते म्हणून चौऱ्याऐंशी लागले. बासष्ट पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. अण्णा पाटावर, शेजारी मधुमतीबाई. संकल्प झाला होता.

तेवढ्यात हॅथवे पुढे आले. उंच, वाकलेले, हातात वेष्टनात गुंडाळलेली छोटी दुर्बीण. चंद्र बघायला म्हणून आणलेली. अण्णांपुढे वाकून त्यांनी इंग्रजीत मनापासून अभिनंदन केलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "डॉक्टर, मला एक कळलं नाही. मी तुमच्या सत्तरीला बोललो होतो. मग हजार कसे होतात? माझ्या हिशेबाने नऊशे अठ्ठ्याहत्तर."

"तुमचा हिशेब बरोबर आहे," अण्णा मोठ्याने म्हणाले. मुलगी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं. "माझा जन्म एक जून अठ्ठावीसचा."

शशी गुरुजींनी पळी खाली ठेवली.

"काका, मग मी संकल्प कशाचा केला?"

"सहस्रचंद्राचा."

"नऊशे अठ्ठ्याहत्तरला सहस्र म्हणत नाहीत. माझ्या नावावर चुकीचा संकल्प नको. आधी रिक्वायरमेंट क्लिअर करा, मग मी पुढे जातो." आणि ते मांडी घालून, डोळे मिटून बसले.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मागे कुणीतरी म्हणालं, सव्वीसच आहे, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरचे ते. दुसरं म्हणालं, पासपोर्ट खोटा कसा असेल, होम ऑफिस काय झोपलंय का? हाउन्सलोहून आलेल्या दोन कुटुंबांनी मागच्याच दिवाळीपासून एकमेकांशी धड बोलणं टाकलं होतं. ती ताबडतोब दोन बाजूंना गेली. वरदा भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. विरोधी पक्षाचा सदस्य तिच्यापासून सहा फुटांवर खिशातून पेन काढत होता.

"लोकशाही आहे ना?" अण्णा पाटावरून उठले. "मग घ्या मत. सव्वीसवाले किचनच्या बाजूला. अठ्ठावीसवाले चपलांच्या बाजूला."

"अण्णा, जन्मतारीख मतानं ठरत नाही," वरदा म्हणाली.

"तुमच्याकडे सगळं मतानंच ठरतं. आठ महिने तू दुसरं काय करतेस?"

आणि लोक खरंच उठले. यतीनला हे आयुष्यभर विसरता आलं नाही. साड्या सावरत, मुलांना ओढत, प्लास्टिकच्या खुर्च्या ओलांडत बासष्ट माणसं त्याच्या वडिलांच्या जन्माच्या बाजूने आणि विरुद्ध उभी राहिली. हॅथवेंना सवयच होती. ते मधोमध उभे राहून एकेकाच्या खांद्याला हलका स्पर्श करत मोजू लागले. यतीन अठ्ठावीसच्या बाजूला गेला, बहिणीची नोकरी वाचावी म्हणून. वरदा सव्वीसच्या बाजूला गेली, आपण मत दिलंय हे तिच्या लक्षात यायच्या आत.

"एकतीस," हॅथवे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "आणि एकतीस."

"सम-समान मतं पडली की अध्यक्ष आहे तीच स्थिती राखतात," अण्णा विजयी आवाजात म्हणाले. "अध्यक्ष मी. अठ्ठावीस."

"अरे, काय चाललंय?"

टॉयलेटच्या दारातून यमुना आत्या आल्या. अण्णांची थोरली बहीण, शहाऐंशीची, या सोहळ्यासाठी व्हीलचेअरवरून हीथ्रोला उतरलेली. सकाळपासून त्यांनी हात कोरडे करायच्या गरम हवेच्या यंत्राबद्दल तीनदा चौकशी केली होती, आणि आता त्या तिथूनच येत होत्या. त्यांना कुणीतरी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मत कसलं घेताय? मी होते तिथे. गौरी जेवल्या त्या दुपारी हा झाला. सगळ्या बायका खोलीत आणि मला घावन-घाटलं वाढायला कुणी नाही. पाच वर्षांची होते, पण उपाशी राहिलेलं माणूस विसरत नाही. सव्वीस साल."

किचनच्या बाजूने टाळ्या पडल्या.

"आक्का, पुरे," अण्णा म्हणाले.

"काय पुरे? आपल्या आप्पांनी अठ्ठावीस केलं ते तुझ्याचसाठी. सांग ना पोरांना." त्यांनी भोवती पाहिलं. बासष्ट माणसं ऐकत होती, आणि इतके श्रोते त्यांना कैक वर्षांत मिळाले नव्हते. "दुसरीत दोनदा नापास झाला हा. शुद्धलेखनात! आप्पा स्वतः मास्तर, लाजेनं अर्धे झाले. मग देवरुखच्या शाळेतून काढला, लांज्याला घातला, आणि मोठा घोडा लहान पोरांत दिसायला नको म्हणून दोन वर्षं खाली उतरवली. एक जून टाकला. पुढे डॉक्टर झाला, विलायतेला आला, सगळं झालं. पण दुसरीत दोनदा. हो की नाही रे, विष्ण्या?"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची चौकोनी घडी केली, ती पाटावर ठेवली आणि दरवाज्यातून बाहेर गेले.

शशी गुरुजींनी डोळे उघडले. "सव्वीस कन्फर्म?" त्यांनी विचारलं. "मग मी पुढे जाऊ का?"

*

अण्णा कार पार्कमध्ये यतीनच्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. गाडीला कुलूप नव्हतं. यतीन पुढे ड्रायव्हरच्या जागी बसला, आणि दोघं एकाच दिशेला, हॉलच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यांकडे बघत राहिले.

"दोनदा?" यतीनने शेवटी विचारलं.

"हो."

"मी एकदाच झालो."

पुढच्या आरशात यतीनला अण्णांचं कपाळ तेवढं दिसत होतं. त्याला वाटलं होतं आपल्याला राग येईल. पंचवीस वर्षं त्याने या माणसासमोर मार्कर पेनाचं टोपणसुद्धा चोरट्यासारखं लावलं होतं. राग येतही होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे लांज्याच्या शाळेत मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला, सगळ्यांपेक्षा हातभर उंच पोरगा येत होता आणि त्याच्यावर कसं रागवायचं ते त्याला कळत नव्हतं.

"चौदा महिने, अण्णा."

"मोजलेस?"

"फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे."

"ठेवल्यास?" अण्णांचा आवाज बारीक झाला. "त्यांत 'चिठ्ठी'तली वेलांटी चुकलेली असेल कुठेतरी. मला अजून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. प्रिस्क्रिप्शनचं अक्षर वाईट असलं की कुणाला दिसत नाही, एवढंच." मग म्हणाले, "तू नापास झालास तेव्हा मला वाटलं, हे माझंच आलंय तुझ्यात. तुझ्याशी बोललो असतो तर तेच पहिलं तोंडातून निघालं असतं. म्हणून बोललोच नाही. मग सवय झाली."

यतीनने स्टिअरिंगवर हात ठेवले. गाडी सुरू नव्हती, पण हात कुठेतरी ठेवायला हवे होते.

"हे तेव्हा सांगितलं असतंत तर फार बरं झालं असतं," तो म्हणाला.

"हो," अण्णा म्हणाले. "झालं असतं."

हॉलमधून चौऱ्याऐंशी दिव्यांची आरती ऐकू येऊ लागली. माणूस नसतानाच ओवाळत होते. यतीनला हसू आलं. मग मागूनही एक खोकल्यासारखा आवाज आला, तो हसण्याचाच होता.

"वरदाला सांग," अण्णा दार उघडत म्हणाले, "काय सांगायचं ते सांग म्हणावं. पण शुद्धलेखन म्हण. नुसतं नापास म्हणू नकोस. लोकांना वाटेल गणित."

*

सोमवारी दुपारी पाऊण तास प्रश्नोत्तरं चालली तरी सभागृह अर्धं रिकामं होतं. आकडेवारीच्या दिवशी ते तसंच असायचं. वरच्या गॅलरीत, काचेमागे, अण्णा आणि यतीन बसले होते आणि दोघांमध्ये यमुना आत्या. काळ्या कोटातल्या पहारेकऱ्याने त्यांना इथे बोलायचं नाही असं सांगितलं होतं, यतीनने ते आत्याला भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग खाली ती माणसं काय करतायत?" मधुमतीबाई आल्या नव्हत्या. भाड्याची भांडी परत करायची होती.

प्रश्न सात पुकारला गेला. वरदा उठली. हातातल्या फाइलमध्ये खात्याने लिहून दिलेलं उत्तर होतं, आणि ती फाइल तिने मिटली.

"अध्यक्ष महोदय," ती इंग्रजीत म्हणाली, "मला सभागृहाला असं सांगायला सुचवण्यात आलं होतं, की नोंदींच्या अचूकतेबद्दल मी समाधानी आहे. मी समाधानी नाही."

मागच्या बाकावर झोपलेले एक गृहस्थ जागे झाले.

हॅथवे पूरक प्रश्नाला उठले. त्यांचा चेहरा काल रात्रभर विचार केल्यासारखा दिसत होता. त्यांनी हळूच, जवळजवळ माफी मागितल्यासारखं विचारलं, मंत्र्यांना हे कशावरून कळलं?

"माझे वडील त्यांपैकी एक आहेत. ते दुसरीत शुद्धलेखनात दोनदा नापास झाले, म्हणून माझ्या आजोबांनी त्यांचं वय दोन वर्षांनी कमी केलं. आजोबा शिक्षक होते, प्रामाणिक होते, आणि आकडा त्यांच्या हातात होता. त्यांचं मुलावर प्रेम होतं. माझ्या विधेयकाच्या बाजूनं मी आठ महिने भाषणं केली, पण याहून चांगलं कारण मला सापडलं नव्हतं. ज्याला आकड्याची लाज वाटते त्याच्या हातात तो ठेवू नये."

ती बसली. मग हशा झाला, पण तो कुचेष्टेचा नव्हता, आणि लगेच समोरच्या बाकांवरून एक स्कॉटिश सदस्य उठले आणि म्हणाले, आमच्या आजीने युद्धात कारखान्यात काम मिळावं म्हणून चार वर्षं वाढवली होती आणि लग्नात सहा कमी केली. तिची नोंद मंत्री कोणत्या रकान्यात टाकतील? वेल्सच्या एका बाईंचे काका तेराव्या वर्षी सतरा सांगून नौदलात गेले होते. कुणाच्या वडिलांचे दोन जन्मदाखले होते आणि दोन्ही चुकीचे होते. प्रश्न क्रमांक आठ रेल्वेच्या आकड्यांचा होता. तो घ्यायला वेळच उरला नाही.

बाहेरच्या दालनात पक्षाच्या प्रतोदानं तिला गाठलं. वरदानं राजीनाम्याचा विषय काढायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? हे विधेयक आल्यापासून सभागृह आज पहिल्यांदा जागं होतं. संध्याकाळी लॉर्ड्स सभागृहाच्या दुरुस्त्यांवर मतदान आहे, कुठे जाऊ नकोस." आणि तिच्या हातात नवीन जबाबदारीचा कागद दिला. जन्मतारखांच्या विसंगतींवर सतरा सदस्यांची समिती. अध्यक्षा वरदा. सहअध्यक्ष गिल्बर्ट हॅथवे.

*

मधुमतीबाईंनी हे सगळं टीव्हीवर पाहिलं, आणि संध्याकाळी सहापर्यंत त्यांना कळून चुकलं की आता फोन थांबणार नाहीत. जुने पेशंट, लेस्टरचे कुणी, हाउन्सलोचे ते एकमेकांशी न बोलणारे दोघेही. प्रत्येकाला डॉक्टरांना आपली खरी तारीख सांगायची होती. अण्णा दवाखान्यातल्यासारखे खुर्चीत बसून ऐकत होते, मधूनमधून "बरं, आणि हे कधीपासून?" असं विचारत होते आणि वहीत लिहून घेत होते. वरदाला समितीसाठी लागेल म्हणून. यतीनने आत्याला वरच्या खोलीत आराम करायला नेलं होतं. बागेत अजून लख्ख ऊन होतं.

सातव्या की आठव्या फोननंतर अण्णांनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

"हलकं वाटतंय," ते म्हणाले. "ऐंशी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. माणसानं सांगून टाकावं."

मधुमतीबाई समोरच्या खुर्चीत बसून भेंडी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"अहो, मग मीही सांगून टाकते. वही घ्या."

"काय?"

"माझं साल तेहतीस नाही. सव्वीस. फाल्गुनातली. आपलं ठरलं तेव्हा मी एकतीस पूर्ण होते. तुमच्याकडचे म्हणाले मुलगी पंचविशीच्या आत हवी, म्हणून आईनं चोवीस लिहिलं आणि त्यावरून नवी पत्रिका करून घेतली."

अण्णांनी पेन उघडलं होतं ते तसंच राहिलं. "माझीही पत्रिका एक जूनवरूनच केली होती," ते सावकाश म्हणाले. "छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले आपले."

"हो. गुरुजी म्हणाले, असा योग पाहिला नाही."

"फाल्गुन म्हणजे..." अण्णांनी बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. "म्हणजे तू माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी."

"साडेपाच. माझी हजारावी जानेवारीतच झाली. साडेचारलाच अंधारलं होतं, मी भांडी घासत होते, तेव्हा खिडकीत आला. तुम्ही आत बातम्या बघत होतात. म्हटलं बोलवावं, पण मग का बोलावलं ते सांगावं लागलं असतं."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. पन्नास वर्षं जेवणाच्या टेबलाशी समोर बसलेली बाई. ती एकटीच सिंकपाशी साबणाच्या हातांनी उभी असलेली त्यांना दिसली, आणि आदल्या दिवशीचे बासष्ट पाहुणे आणि चौऱ्याऐंशी दिवे आठवून त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे पन्नास वर्षं तुम्ही मला अहो म्हणताय," ते म्हणाले, "आणि म्हणायला हवं होतं मी."

"आता सुरू केलंतच की."

अण्णांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, किचनमध्ये गेले, दोन कपाटं चुकीची उघडली, तिसऱ्यात चहाचा डबा सापडला. आधण ठेवल्याचा आवाज आला. मग दारात येऊन उभे राहिले, हातात चमचा.

"अहो," ते म्हणाले, "साखर किती घेता तुम्ही?"

मधुमतीबाईंनी एक भेंडी उचलली, तिचं देठ कापलं.

"दीड चमचा," त्या म्हणाल्या.